जुन्या मोटारींचे मागील दिवे : अस्सलपणा व सुरक्षितता यांचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना :

मोटारगाडीच्या इतिहासलेखनात इंजिन, वेग व कारखानदारी यांना मिळालेले स्थान गाडीच्या मागील दिव्याला कधी मिळाले नाही. पुढील दिवा चालकाला रस्ता दाखवितो; मागील दिवा चालकाला स्वतःला दिसतही नाही. तो मागून येणाऱ्या अनोळखी वाहनचालकासाठी असतो. त्यामुळे या दिव्याचा इतिहास एका अर्थी रस्त्यावरील परस्पर जबाबदारीचा इतिहास ठरतो. जुन्या मोटारी जतन करणाऱ्यांमध्ये या दिव्यावरून वाद आहे. मंद प्रकाशाचे बल्ब काढून एलईडी बसवावेत, ब्रेकचा एखादा जादा दिवा लावावा, असे एक पक्ष म्हणतो. तसे केल्यास गाडीचा अस्सलपणा नष्ट होतो, असे दुसरा पक्ष मानतो. प्रस्तुत लेखात या वादाचा विचार मागील दिव्याच्या इतिहासाच्या आधारे केला आहे. तो इतिहास पाहता, दुसऱ्या पक्षाने गृहीत धरलेला 'मूळ दिवा' ही कल्पनाच बरीच अस्थिर असल्याचे दिसून येते.

रॉकेलपासून विजेकडे :

फोर्ड कंपनीने १९०८ मध्ये बाजारात आणलेल्या 'मॉडेल टी' या गाडीचा मागील दिवा रॉकेलवर जळत असे. अंधार पडला की कंदिलाप्रमाणे तो काडीने पेटवावा लागे. १९१५ मध्ये या गाडीचे पुढील दिवे विजेचे झाले. परंतु त्यांना वीज इंजिनाच्या मॅग्नेटोतून मिळत असल्याने इंजिनाची गती उतरली की दिवेही मंदावत. मागील दिवा त्यानंतरही काही वर्षे रॉकेलचाच राहिला. १९१९ पासून विजेचा स्टार्टर व बॅटरी असलेल्या गाड्यांत तो विजेवर आला. ब्रेकचा दिवा कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या मॉडेल टीला नव्हताच. थांबायचे असल्यास चालक हात बाहेर काढून खूण करी आणि मागचा चालक ती पाहील एवढाच त्या काळच्या रस्त्यांचा वेग होता.

डिसेंबर १९२७ मध्ये आलेल्या 'मॉडेल ए' गाडीत ब्रेकच्या पायपट्टीला जोडलेला दिवा होता. तथापि सर्वसाधारण गाडीला मागे एकच दिवा असे, तोही डाव्या बाजूस. उजवीकडे दुसरा हवा असल्यास तो जादा साहित्य म्हणून विकत घ्यावा लागे. ब्रिटनच्या १९२७ च्या रस्ते वाहतूक प्रकाश कायद्यानेही मागे एक तांबडा दिवा पुरेसा मानला होता. येथे एक विसंगती ध्यानात घेण्यासारखी आहे. १९३० साली मालकाने पदरचे पैसे घालून लावलेला दुसरा दिवा आज संग्राहक कौतुकाने 'त्या काळचे साहित्य' म्हणून मान्य करतात. तोच हेतू मनात ठेवून २०१० साली लावलेला दिवा मात्र त्यांना खटकतो. हा फरक तत्त्वाचा नसून केवळ वयाचा आहे.

फोक्सवॅगनच्या 'बीटल' गाडीचे उदाहरण याहून बोलके आहे. १९५२ पर्यंत या गाडीचा ब्रेकचा दिवा एकच असून तो मध्यभागी, नंबरपट्टीच्या वरच्या भागात होता. पुढे ब्रेकचे दिवे दोन्ही बाजूंना गेले व मध्यभागीचा दिवा नाहीसा झाला. तीन दशकांनंतर कायद्यानेच मध्यभागी दिवा मागितला.

सहा व्होल्टची मर्यादा :

जुने दिवे मंद का, याचे उत्तर बल्बपेक्षा वायरिंगमध्ये अधिक सापडते. मॉडेल ए ६ व्होल्टवर चालत असे. बीटलही १९६७ च्या मॉडेलपर्यंत सामान्यतः ६ व्होल्टचीच होती. २१ वॅटचा ब्रेकचा बल्ब ६ व्होल्टवर साडेतीन अँपिअर वीजप्रवाह घेतो, १२ व्होल्टवर त्याच्या निम्मा. गंजलेल्या होल्डरमध्ये किंवा सैल अर्थ-जोडणीत अर्धा व्होल्ट गळाला, तर ६ व्होल्टच्या गाडीत ती आठ टक्क्यांहून अधिक घट होते. तापलेल्या तारेचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण साडेतीनाव्या घाताने बदलत असल्यामुळे एवढ्याशा घटीने सुमारे एक चतुर्थांश प्रकाश नाहीसा होतो. तोच दोष १२ व्होल्टच्या गाडीत पाव व्होल्ट खातो आणि प्रकाश जेमतेम सात टक्क्यांनी उतरतो. म्हणजे जुन्या मोटारीच्या दिव्यांबाबतची पहिली सुधारणा ही खरे पाहता दुरुस्तीच असते. अर्थची जोडणी घासून स्वच्छ करणे, जीर्ण वायर बदलणे, काळवंडलेल्या परावर्तकाला पुन्हा चकाकी देणे, याला कोणत्याही पक्षाचा आक्षेप असण्याचे कारण नाही. ब्रेकच्या तेलाच्या दाबावर चालणारा जुना स्विच पायपट्टी जोराने दाबल्याखेरीज लागत नसेल, तर तोही याच वर्गात मोडतो.

तिसऱ्या दिव्याचा प्रयोग :

मागील दिव्याच्या इतिहासातील सर्वांत उद्बोधक प्रकरण सॅन फ्रान्सिस्को येथे घडले. जॉन व्होव्होडस्की या मानसशास्त्रज्ञाने तेथील ३४३ टॅक्सींच्या मागील काचेच्या तळाशी ब्रेकचा आणखी एक दिवा बसविला आणि १६० टॅक्सी तुलनेसाठी तशाच ठेवल्या. दहा महिन्यांनंतर, चाललेल्या मैलांच्या प्रमाणात पाहता, दिवा असलेल्या टॅक्सींना मागून धडक बसण्याच्या घटना ६०.६ टक्क्यांनी कमी भरल्या. १९७४ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पुढे अमेरिकेत १९८६ च्या मॉडेलपासून प्रवासी मोटारींना असा दिवा सक्तीचा झाला.

दिवा सार्वत्रिक झाल्यावर मात्र आकडे उतरले. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या पाहणीत १९८७ साठी ही घट ८.५ टक्के आढळली, तर १९९८ च्या अहवालात दीर्घकालीन घट ४.३ टक्के इतकीच मानली गेली. नवलाई ओसरली, हे याचे सर्वसाधारण स्पष्टीकरण होय. लाखो वाहनांच्या हिशेबात ४.३ टक्के ही लहान गोष्ट नव्हे. पण संरक्षक साधनाचे मोल भोवतालच्या वाहनांवर ठरते, हे यातून स्पष्ट होते. मागून येणाऱ्या चालकाची नजर आज उंचावरील तिसऱ्या, लखलखीत दिव्याला सरावलेली आहे. अशा नजरेपुढे नंबरपट्टीजवळचा एकुलता मंद दिवा १९३० साली होता त्याहून अधिक दुर्बल ठरतो. काच तीच, बल्ब तोच. भोवतालचा रस्ता बदलला.

एलईडीचा लाभ व त्याच्या खोडी :

तारेचा बल्ब पूर्ण तेजाला येण्यास सुमारे एक पंचमांश सेकंद घेतो; एलईडी तत्क्षणी पेटतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने येणारे वाहन तेवढ्या वेळात सुमारे साडेपाच मीटर, म्हणजे एका मोठ्या मोटारीच्या लांबीइतके अंतर कापते. वीजही कमी लागत असल्याने ६ व्होल्टच्या गाडीला हा बदल विशेष मानवतो.

तरीही बाजारात मिळणारा कोणताही एलईडी आणून बसविणे, ही सुधारणा म्हणता येणार नाही. जुना परावर्तक सर्व दिशांना प्रकाश फेकणाऱ्या तारेसाठी घडविलेला असतो. एकाच दिशेने प्रकाश टाकणारा एलईडी त्यात बसविल्यास मधोमध प्रखर ठिपका व सभोवती अंधार असे दृश्य दिसते. तांबड्या काचेमागे पांढऱ्या एलईडीचा बराचसा प्रकाश वाया जातो. तेथे तांबडाच हवा. मॉडेल एसारख्या पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत उलट ध्रुवाचा एलईडी पेटतच नाही. सर्वांत घातक दोष वेगळाच आहे. जुन्या दुहेरी बल्बमध्ये मागील दिव्याची तार ५ वॅटची, तर ब्रेकची २१ वॅटची असे. हा फरक पाहूनच मागच्या चालकाला गाडी थांबत असल्याचे कळे. हलक्या प्रतीच्या एलईडीत दोन्ही तेजे जवळजवळ सारखी असतात. असा दिवा अधिक उजळ असूनही मूळ दिव्यापेक्षा कमी सांगतो.

अस्सलपणा व भारतीय कायदा :

ऐतिहासिक वाहनांच्या 'फिवा' या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या ट्युरिन सनदेने या वादात मध्यममार्ग सुचविला आहे. गंभीर कारणास्तव बदल करावेच लागले तर ते कमीत कमी असावेत, वाहनाच्या ऐतिहासिक रूपास बाधा आणू नये, पूर्वस्थिती पुन्हा साधता यावी आणि काढलेले महत्त्वाचे मूळ भाग जपून ठेवावेत, असा तिचा आशय आहे. मूळ काचेआडचा एलईडी किंवा मागील काचेच्या आतून लावलेला, सहज काढता येणारा तिसरा दिवा या कसोटीला उतरतो. त्यासाठी पत्र्याला भोक पाडणे मात्र उतरत नाही.

भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ ने वाहनातील फेरबदलांवर मर्यादा घातली असून जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा काटेकोर अर्थ लावला. २०२१ मध्ये केंद्र शासनाने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी 'व्हीए' अक्षरांची स्वतंत्र नोंदणी सुरू केली. वाहन मूळ स्वरूपात असावे. सांगाडा, बाह्य कवच वा इंजिन यांत बदल झालेला नसावा, अशी तिची अट आहे. यात दिव्यातील बल्बचा उल्लेख नाही, ही बाब संग्राहकांना दिलासा देणारी आहे.

हा प्रश्न आता श्रीमंतांच्या विदेशी गाड्यांपुरता राहिलेला नाही. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९७४ मध्ये 'पद्मिनी' हे नाव धारण करून बाहेर पडलेल्या गाड्यांनी २०२४ मध्ये पन्नाशी गाठली. मुंबईतील अखेरची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून गेली. हौसेने राखलेल्या खाजगी गाड्या मात्र रस्त्यावर येत राहिल्या आहेत. पद्मिनी १२ व्होल्टची असल्याने तिची अडचण व्होल्टेजची नाही, समुद्राच्या खाऱ्या हवेने खाल्लेल्या होल्डरची व अर्थच्या जोडणीची आहे. तेथे कामाचा आरंभ एलईडीने न करता पॉलिश कागदाच्या तुकड्याने करावा लागतो. त्यानंतरही बल्ब बदलायचा झाल्यास काढलेला बल्ब व होल्डर तारखेच्या चिठ्ठीसह गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवण्यास फारशी जागा लागत नाही.