ॲशलंड ते बॉस्टन, लिंबं खिशात घेऊन

सायकलचं हँडल घट्ट धरा. खिशात लिंबं आहेत? ओले रुमाल? पाण्याची बाटली? मग चला. आज १९ एप्रिल १८९७, पॅट्रियट्स डेची सुट्टी. अमेरिकेतल्या ॲशलंड गावात मेटकाफच्या गिरणीपाशी तुम्ही उभे आहात. काम एकच : शेजारी धावणाऱ्या माणसाला साडेचोवीस मैल पायांवर उभं ठेवायचं.

शर्यतीतली ही मंडळी बॉस्टनहून आगगाडीनं आली आणि आता पायी परत निघालीत! मोजा बरं : अवघे पंधरा. आदल्या वर्षी अथेन्सच्या ऑलिंपिकमध्ये शंभर मीटर जिंकलेला टॉम बर्क बुटाच्या टाचेनं मातीत रेघ ओढतो. पिस्तूल नाही, तो नुसता ओरडतो आणि पंधरा जोड पाय सुटतात.

धूळ! नाकात, दातांत, पापण्यांवर. रस्ता मातीचा आणि कुणीही बंद न केलेला. पुढे घोडागाडी, मागे सायकलींच्या घंटा, खाली ताजी लीद. घामानं ओल्या लोकरीचा वास येतो, मधूनच चिरलेल्या लिंबाचा. तुमचा माणूस मागे हात पसरतो, तुम्ही फोड ठेवता, तो ती सालीसकट चावतो.

नेटिक मागे पडतं. वेल्स्लीला कॉलेजच्या मुली रस्त्याच्या कडेला आल्यात. हार्वर्डचा डिक ग्रँट दिसताच असा काही जल्लोष होतो की तुमची सायकल डगमगते. पण न्यूटनची चढण कुणाला दाद देत नाही. तिथं ग्रँट थांबतो, रस्त्यावर पाणी मारणारी गाडी गाठतो आणि तिच्या धारा अंगावर घेतो. तो पुन्हा पळेल, पण आघाडी गेली.

आघाडीवर आता तुमचा माणूस : न्यूयॉर्कचा जॉन मॅकडरमॉट, पोटापाण्याला शिळाछापाचं काम करणारा. अचानक त्याच्या डाव्या पायात गोळा येतो. सायकल टाका, खाली बसा, पोटरी चोळा. दगडासारखी झालीय ना? अंगठ्यानं जोर द्या. तो कण्हतो, दोन पावलं चालतो आणि पुन्हा धावू लागतो.

आता शहर. कोळशाचा धूर, विजेच्या ट्रामची खणखण, खिडक्या-खिडक्यांतून डोकी. मॅसॅच्युसेट्स ॲव्हेन्यूवर समोर अंत्ययात्रा! वळायला जागा नाही. मॅकडरमॉट सरळ तिच्यातून धावत जातो. दोन ट्राम जागीच थबकतात. क्षणभर सगळं शहर श्वास रोखतं. मरण आणि धावणं एकमेकांना वाट देतात आणि आपापल्या मार्गानं जातात.

आयर्व्हिंग्टन स्ट्रीटचं मैदान गच्च भरलंय. शेवटची फेरी. टोप्या हवेत उडतात, लोक दोरीखालून आत घुसतात. २ तास ५५ मिनिटं १० सेकंद! लोक त्याला खांद्यावर घ्यायला धावतात. तुम्ही त्याच्या पायांकडे बघा. तळव्यांची सालं निघालीत, फोड फुटलेत. वजन नऊ पौंडांनी उतरलंय. इतक्या लांबची ही शेवटचीच शर्यत, असं तो सांगतो. तुम्हालाही ते पटतं.

पण सायकल पुसून, तेल घालून ठेवा. पुढच्या एप्रिलमध्ये तो पुन्हा धावायला येणार आहे.