सहा चवींच्या चिठ्ठ्या

राजाराम कॉलेज म्हटले की कोल्हापूरकरांना माधव जूलियन आठवतात, फडके आठवतात. त्याच कॉलेजात तीन दशके अर्धमागधी शिकवणाऱ्या डॉ. आ. ने. उपाध्ये यांचे नाव गणिताच्या तासाला मात्र कुणी काढत नाही. आपण काढू. सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेचे ते एक प्रमुख संपादक होते, आणि याच मालेत १९६३ साली महावीराचार्यांचा 'गणितसारसंग्रह' लक्ष्मीचंद्र जैन यांच्या हिंदी अनुवादासह निघाला.

महावीराचार्य नवव्या शतकातले, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातले. त्यांचे एक उदाहरण असे: तुरट, कडू, आंबट, तिखट, खारट आणि गोड या सहा चवींची मिश्रणे किती? त्यासाठी त्यांनी नियम दिला. एकपासूनच्या संख्या सुलट आणि उलट क्रमाने मांडा. जितक्या चवी घ्यायच्या तितक्या उलट संख्यांच्या गुणाकाराला तितक्याच सुलट संख्यांच्या गुणाकाराने भागा. दोन-दोन चवींसाठी ६ × ५ भागिले १ × २, म्हणजे १५. तीन-तीनसाठी २०. एक ते सहा चवींची सगळी मिळून ६३.

सहानंतर पाचच का? एकदा घेतलेली चव पुन्हा घ्यायची नाही म्हणून. हे 'पुन्हा नाही' वर्गात निसटते. डब्यात सहा चवींच्या सहा चिठ्ठ्या टाकून लागोपाठ दोन काढायला सांगा, पहिली परत न टाकता. गोड आणि आंबट निघण्याची संभाव्यता किती? बरीच मुले १/६ × १/६ करतात आणि क्रम दोन म्हणून दुप्पट करून १/१८ सांगतात. पहिली चिठ्ठी परत टाकली असती तर ते बरोबर होते. पण आता डब्यात पाचच उरल्या: १/६ × १/५ × २ = १/१५. महावीराचार्यांच्या पंधरा जोड्यांपैकी एक! तिथे २ ने भागले, इथे २ ने गुणले. दोन्हीकडे कारण एकच, गोड-आंबट आणि आंबट-गोड ही जोडी एकच आहे.

म्हणजे संभाव्यता आपल्याकडे तेव्हाच होती, असे काही उत्साही मंडळी म्हणतील. आपण म्हणू नये. महावीराचार्यांनी जोड्या मोजल्या. शक्यता मोजण्याचे गणित पास्कल आणि फर्मा यांच्या १६५४ च्या पत्रव्यवहारातून उभे राहिले. पंधराही जोड्या निघण्याची शक्यता सारखी आहे, हे गृहीत धरल्याशिवाय १/१५ लिहिता येत नाही. चिठ्ठ्या नीट ढवळल्या तर ते चालते. कोल्हापुरी स्वयंपाकघरात तिखटाची चिठ्ठी बाकीच्यांइतकीच निघेल, असे कोण म्हणेल?