ब्रेक दाबला की गाडी थरथरते? डिस्क बदलण्याआधी हे तपासा

हायवेवर ८० च्या वेगाने गाडी शांत चाललेली असते. पुढे टोलनाका दिसतो, ब्रेकवर पाय जातो आणि स्टेअरिंग हातात थरथरू लागतं. गॅरेजमध्ये बहुतेक वेळा उत्तर मिळतं, "डिस्क वाकली, बदलावी लागेल." कधी डिस्क खरंच बदलावी लागते. पण अनेकदा ती वाकलेली नसते. मूळ कारण तसंच राहिलं, तर नव्या डिस्कवरही काही हजार किलोमीटरनंतर थरथर परत येते आणि खर्च वाया जातो.

नेमकं काय होतं?

चाकासोबत फिरणारी लोखंडी डिस्क ब्रेक पॅड दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. डिस्कच्या जाडीत ०.०२ मिलिमीटरचा, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी फरक पडला, तरी प्रत्येक फेरीत ही पकड घट्ट-सैल होत राहते. ८० च्या वेगाला छोट्या कारचं चाक सेकंदाला ११-१२ वेळा फिरतं. तेच धक्के स्टेअरिंगपर्यंत पोहोचतात.

हा फरक का पडतो?

• हबवरचा गंज: डिस्क जिथे बसते त्या हबवर गंज किंवा माती राहिली, तर डिस्क किंचित तिरकी बसते. मग ब्रेक न दाबताही तिचा तोच भाग पॅडला घासत राहतो आणि झिजतो.
• व्हील नट: पंक्चरवाल्याने एअर गनने नट कमी-जास्त आवळले, तरी हाच परिणाम होऊ शकतो.
• पॅडचा थर: घाट उतरताना ब्रेक तापले आणि लगेच थांबून पाय पेडलवर दाबून ठेवला, तर पॅडचं मटेरियल डिस्कच्या एकाच जागी चिकटतं.
• जाम कॅलिपर: कॅलिपरच्या पिना सुकल्या किंवा गंजल्या, की पॅड नीट मागे सरकत नाही. डिस्क तापते आणि असमान झिजते.

थरथर कुठे जाणवते?

१. फक्त ब्रेक दाबल्यावर स्टेअरिंग हलतं: पुढच्या डिस्क तपासा.
२. स्टेअरिंग शांत, पण सीट किंवा गाडीची बॉडी थरथरते: मागचे ब्रेक तपासा. अनेक छोट्या गाड्यांना मागे ड्रम असतात. ड्रमचा गोलपणा बिघडला तरी असंच होतं.
३. ब्रेक न दाबताही ठरावीक वेगाला थरथर होते: आधी टायर, रिम आणि व्हील बॅलन्सिंग बघा. इथे ब्रेकचा दोष असण्याची शक्यता कमी.
४. जोरात ब्रेक मारल्यावर पेडल पायाखाली टकटक करतं: हे एबीएसचं नेहमीचं काम आहे. पण साध्या, हलक्या ब्रेकलाही असं होत असेल तर तपासणी हवी.
५. पावसात गाडी काही दिवस उभी होती, म्हणून पहिले काही ब्रेक खरखरतात: डिस्कवर गंजाचा पातळ थर आला आहे. तो थोडं चालवल्यावर जातो. नाही गेला तर गॅरेज गाठा.

टाय रॉड एंड, बॉल जॉइंट किंवा लोअर आर्मचे बुश ढिले असतील, तर छोटी थरथरही मोठी वाटते. खड्ड्यांच्या रस्त्यांवर रोज चालणाऱ्या गाडीत हे आवर्जून बघायला सांगा.

गॅरेजमध्ये काय करून घ्यावं?

• डिस्क गाडीवरच ठेवून डायल गेज लावायला सांगा. त्यावरून डिस्क किती डोलते ते कळतं. बऱ्याच गाड्यांत ही मर्यादा ०.०५ ते ०.१० मिमीच्या आसपास असते. तुमच्या गाडीचा आकडा कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळतो.
• मायक्रोमीटरने डिस्कची जाडी सात-आठ ठिकाणी मोजायला सांगा. किमान जाडी बहुधा डिस्कवरच कोरलेली असते.
• जाडी पुरेशी असेल तर डिस्कला लेथवर टर्निंग करून घेता येतं. टर्निंगनंतर ती किमान मापाखाली जाणार असेल, तर बदलणं हाच पर्याय. डिस्क आणि पॅड नेहमी डाव्या-उजव्या जोडीने बदला.
• डिस्क बसवण्याआधी हब वायर ब्रशने साफ करून घ्या. कॅलिपरच्या पिनांना ब्रेकसाठीचंच ग्रीस लावायला सांगा, साधं नको.
• व्हील नट आडव्या-तिडव्या क्रमाने, टॉर्क रेंचने आवळून घ्या.

नवे पॅड बसवल्यावर लगेच जोरात ब्रेक मारू नका. मोकळ्या रस्त्यावर ६० वरून २० पर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा वेग कमी करा, मध्ये थोडं अंतर ठेवा आणि पूर्ण थांबू नका. त्यामुळे पॅडचा थर डिस्कवर सारखा बसतो.

थरथर परत येऊ नये म्हणून

खंबाटकी असो वा आंबा घाट, चढताना जो गिअर लागतो त्याच गिअरमध्ये उतरा. वेग इंजिनाला रोखू द्या. ब्रेकवर सतत पाय ठेवण्यापेक्षा थोडा दाबा आणि सोडा. गाडी कधीही न्यूट्रलमध्ये सोडू नका. ब्रेक खूप तापले असतील तर शक्य तिथे काही मिनिटं हलक्या पायाने चालवा, मग थांबा.

गाडी चालवणं कधी थांबवावं?

पेडल खोल जात असेल, ब्रेक मारताच गाडी एका बाजूला ओढत असेल, चाकातून जळका वास किंवा लोखंड घासल्याचा आवाज येत असेल, किंवा डॅशबोर्डवर ब्रेकचा लाल दिवा हँडब्रेक सोडल्यावरही जात नसेल, तर सर्व्हिसच्या तारखेची वाट पाहू नका. गाडी सुरक्षित जागी उभी करा आणि मेकॅनिकला तिथेच बोलवा किंवा गाडी टो करून न्या.