गिब्ज मुक्त ऊर्जा व रासायनिक समतोल

स्थिर तापमान व दाबाला एखादी विक्रिया कोणत्या दिशेने जाईल आणि कोठे थांबेल, हे ठरविणारी ऊष्मागतिकीय राशी. अमेरिकन शास्त्रज्ञ जोसाया विलर्ड गिब्ज (१८३९–१९०३) यांनी ही संकल्पना मांडली. मुक्त ऊर्जेतील बदल म्हणजे एंथॅल्पीतील (ऊष्माशयातील) बदल वजा निरपेक्ष तापमान व एंट्रॉपीतील (अव्यवस्थेच्या मापातील) बदल यांचा गुणाकार. हा बदल ऋण असल्यास विक्रिया आपोआप पुढे सरकू शकते. शून्य असल्यास समतोल असतो.

याचे सुंदर उदाहरण मावळच्या दगडातच आहे. खंडाळा-लोणावळ्याकडील बोरघाटाच्या बेसाल्टातील वायुपोकळ्यांत झिओलाइटांचे, म्हणजे रचनेत पाणी धरून ठेवणाऱ्या सिलिकेट खनिजांचे, स्फटिक सापडतात. लाव्हा थिजल्यानंतर खडकात झिरपलेल्या कोमट, सिलिकायुक्त पाण्यातून ते वाढले. गुलाबी-पांढऱ्या स्टिल्बाइटाच्या जुड्या त्यांत विशेष देखण्या. स्टिल्बाइट तापले, की त्यापासून लॉमोन्टाइट हे दुसरे झिओलाइट, क्वॉर्ट्झ व पाणी होऊ शकते. पाणी सुटल्याने एंट्रॉपी वाढते, म्हणून तापमान चढेल तसा समतोल लॉमोन्टाइटाकडे झुकतो. सह्याद्रीतील झिओलाइटे त्यामुळे खडकाच्या जुन्या तापमानाची नोंदवहीच ठरतात. मात्र मुक्त ऊर्जा दिशा सांगते, वेग नव्हे. विक्रिया मंद असल्याने जुने स्फटिक टिकून राहतात.

पाण्याचा असाच समतोल साध्या तापमानालाही दिसतो. लॉमोन्टाइट कोरड्या हवेत थोडे पाणी गमावून पांढरे, ठिसूळ होते आणि बोटाने चुरते. दमट हवेत ते पाणी पुन्हा घेते. संग्राहकांनी त्याचे नमुने हवाबंद, दमट डबीत ठेवावेत.