आजीची ओवी, तीन सीड्या आणि अलिबागची वेधशाळा

हेडफोन लावलेत? चला मग. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा भाग इथे लिहून ठेवतोय. बोलताना जे मागेपुढे झालं होतं ते थोडं नीट केलंय, बाकी तसंच आहे.

आजची गोष्ट एका व्हिडिओची आहे. न लागणाऱ्या व्हिडिओची.

गेल्या वर्षी गौरी-गणपतीला चौलला घरी गेलो होतो. आरती झाली, जेवणं झाली आणि आईने पत्र्याच्या डब्यातून तीन सीड्या काढून माझ्यासमोर ठेवल्या. वर बॉलपेनने लिहिलेलं, ‘लग्न १/३’, ‘लग्न २/३’, ‘लग्न ३/३’. धाकट्या काकाचं लग्न, मे २००४. मी तेव्हा सात वर्षांचा होतो.

“एवढं मोबाइलवर घालून दे रे. पहिल्या सीडीत शेवटी आजी आहे. हळद दळताना ओवी म्हणतेय.”

आजी २०११ मध्ये गेली. तिचे फोटो आहेत, पण आवाज दुसरीकडे कुठेच नाही. तेव्हा आमच्या घरात जो फोन होता त्यात रेकॉर्डिंगची सोय नव्हती, आणि असती तरी रोज घरात असणाऱ्या माणसाचं कोण रेकॉर्डिंग करतं?

मी म्हटलं, “दहा मिनिटांचं काम आहे.” हे वाक्य आमच्या धंद्यातलं सगळ्यात महाग वाक्य आहे.

सीडी आहे, पण लावायची कशात?

पूर्वी घरी व्हीसीडी प्लेयर होता. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ अलिबागच्या जवळच किनाऱ्यावर आलं. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. आमच्या माडीवरचे पत्रे गेले, पोफळी आडव्या झाल्या, आणि माळ्यावर ठेवलेल्या प्लेयरमध्ये पाणी शिरलं. सीड्या पत्र्याच्या डब्यात होत्या म्हणून वाचल्या. माझ्या लॅपटॉपला सीडीची खाचच नाही, आता कुणाच्याच नसते. मग ऑनलाइन एक बाहेरून जोडायचा ड्राइव्ह मागवला. तो चार दिवसांनी आला.

जोडला. सीडी आत घातली. घरघर, घरघर, शांतता. मग एक फोल्डर उघडलं, त्यात एक फाइल, नावाच्या शेवटी ‘डॅट’. डबल क्लिक केलं तर लॅपटॉप विचारतो, ही फाइल कशाने उघडू? कॉपी करायला गेलो तर ऐंशी टक्क्यांपर्यंत गेली आणि एरर आली.

मग मी तेच केलं जे आपण सगळे करतो. कस्टमर केअरला फोन लावला.

लॅपटॉपवाल्यांनी आधी रीस्टार्ट करायला लावलं, मग अपडेट करायला लावलं, मग म्हणाले, “सर, ड्राइव्ह आमचा नाही.” ड्राइव्हवाले म्हणाले, “सर, दुसरी सीडी चालते ना? मग ड्राइव्ह ओके आहे, तुमची डिस्क खराब आहे.” आणि डिस्क ज्याने बनवली तो आमच्याकडचा शूटिंगवाला, त्याने दुकान बंद करून बरीच वर्षं झाली. संध्याकाळी मेसेज आला की तुमची तक्रार सोडवण्यात आली आहे, कृपया पाचपैकी किती स्टार ते सांगा.

आता खरं सांगतो, मला त्या मुलांचा राग आला नाही. मी सॉफ्टवेअरवाला आहे, पलीकडच्या बाजूला बसलोय. समोर प्रश्नांची यादी असते, किती मिनिटांत कॉल संपला हे कुणीतरी मोजत असतं, आणि आपल्या हद्दीतलं नाही म्हटलं की तिकीट बंद करता येतं. गंमत म्हणजे तिघंही खरंच बोलत होते. प्रत्येकाचा भाग ठीक होता. फक्त आजीची ओवी कुणाच्याच हद्दीत येत नव्हती.

कायदाही तिथे पोचत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मुळे आता आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, विकत घेताना दुकान कुठेही असो. वस्तू सदोष निघाली तर हा कायदा वापराच. पण त्यातून ड्राइव्हचे पैसे परत मिळतील. ओवी मिळणार नाही.

व्हीसीडी नावाची काटकसर

मग बसलो आणि मुळापासून वाचायला घेतलं. व्हीसीडी ही काय भानगड होती?

सीडी आली १९८२ मध्ये, ती गाण्यांसाठी. १९९३ मध्ये फिलिप्स, सोनी, मात्सुशिता आणि जेव्हीसी या कंपन्यांनी ठरवलं की याच चकतीवर सिनेमा बसवायचा. पण चकती फिरण्याचा वेग तोच, म्हणजे सेकंदाला जेवढी माहिती गाण्यासाठी मिळायची तेवढ्यातच चित्रही बसवायचं आणि आवाजही. म्हणून चित्र लहान केलं, ३५२ बाय २८८ ठिपके. आज तुमच्या फोनवरच्या फुल एचडी व्हिडिओत याच्या वीसपट ठिपके असतात. एका चकतीवर साधारण ७४ मिनिटं मावायची. म्हणून सिनेमा दोन-तीन सीड्यांचा, आणि काकाचं लग्न तीन सीड्यांचं.

अमेरिकेत व्हीसीडी फारशी चाललीच नाही. चालली ती आशियात, कारण प्लेयर स्वस्त होता. आपल्याकडे तर २००७च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना विकायला काढली. आमच्यासारख्या गावात चित्रपटगृहात जायचं तर अलिबाग गाठावं लागायचं, पण व्हीसीडी बाजारात भाजीसोबत मिळायची. पुढे पेन ड्राइव्ह आले, इंटरनेट आलं, आणि २०१८ मध्ये मोझर बेअर दिवाळखोरीत निघून विक्रीला लागली. एक अख्खा काळ असा दहा-बारा वर्षांत येऊन गेला, आणि त्या काळातली लग्नं, मुंजी, बारशी, शाळेची गॅदरिंग त्याच चकत्यांवर राहिली.

आता माझ्या एररचं उत्तर. जागा वाचवण्यासाठी व्हीसीडीत आणखी एक काटकसर केलेली आहे. कॉम्प्युटरची साधी फाइल सीडीवर लिहिताना चूक दुरुस्त करायला जास्तीची माहिती सोबत ठेवतात. व्हिडिओच्या भागात ती ठेवलेली नाही, तिथेही चित्रच भरलंय. विचार असा की एखादा ठिपका चुकला तर बघणाऱ्याला कळणारही नाही. व्हीसीडी प्लेयरला हे पटायचं. ओरखडा आला की चित्रात चौकोन दिसायचे, आवाज ‘टक’ व्हायचा आणि गाडी पुढे जायची. पण कॉम्प्युटर कॉपी करताना हट्टी असतो, त्याला शेवटच्या बाइटपर्यंत सगळं हवं. एक तुकडा वाचता आला नाही की तो पूर्ण काम सोडून देतो. म्हणजे सीडी ‘चालते’ आणि ‘कॉपी होत नाही’ या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. हे मला फोनवर कुणीच सांगितलं नाही.

आणि ‘डॅट’ फाइल? आत साधा एमपेग व्हिडिओच असतो. तो उघडला व्हीएलसीने. व्हीएलसी म्हणजे ते नारिंगी शंकूचं चिन्ह असलेलं ॲप. १९९६ मध्ये पॅरिसजवळच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजातल्या पोरांनी हा प्रकल्प सुरू केला, आणि २००१ मध्ये तो सगळ्यांसाठी मोफत आणि खुला झाला. व्हिडिओ उलगडायची साधनं ते स्वतःसोबतच घेऊन येतं, म्हणून जिथे बाकीचे ‘फॉरमॅट सपोर्टेड नाही’ म्हणतात तिथे ते बऱ्याचदा चालतं. सीडी दोन आणि तीन त्याच संध्याकाळी मोबाइलवर आल्या. पंगती, बँड, रुसलेले मामा, सगळं.

अडली ती पहिली. आणि का अडली तेही कळलं. सीडीवर माहिती आतून बाहेर लिहिली जाते, म्हणजे शेवटचा भाग कडेला. कडेला आपली बोटं लागतात. लेझर चकतीला शिवत नाही, त्यामुळे बघून बघून सीडी झिजत नाही, हाताळून झिजते. आजीचा भाग पहिल्या सीडीच्या शेवटी, आणि हीच सीडी घरात सगळ्यात जास्त वेळा काढलेली. त्यात घरी लिहिता येणाऱ्या सीडीत माहिती रंगाच्या एका पातळ थरात असते, आणि तो थर चमकत्या बाजूला नाही, वरच्या लेबलाच्या लगेच खाली असतो. त्यावर बॉलपेनने दाबून लिहिलं की झालं. खारी दमट हवा, वीस पावसाळे. उजेडासमोर धरली तर कडेला टाचणीएवढी भोकं दिसत होती.

जे अलिबागला १९०४ मध्ये जमलं

सुट्टी संपत आली होती. अलिबागला काही कामासाठी गेलो, आणि समुद्राकडे जाताना चुंबकीय वेधशाळेची पाटी दिसली. लहानपणापासून बघतोय, कधी आत काय चालतं हा प्रश्नही पडला नव्हता. घरी येऊन वाचलं आणि खरं सांगतो, थोडी लाज वाटली.

पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४० च्या दशकापासून होत होत्या. विसावं शतक लागलं आणि मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणायचं ठरलं. विजेच्या प्रवाहाने चुंबकीय नोंदी बिघडणार. तेव्हाचे संचालक होते नानाभॉय अर्देशीर फ्रामजी मूस, कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक. त्यांनी नवी जागा शोधली ती खाडीपलीकडे, अलिबागला. इथे वीज नव्हती, हेच आमच्या गावाचं क्वालिफिकेशन! चुंबकीय गुण नसलेल्या दगडाची इमारत बांधली, लोखंडाऐवजी तांबं-पितळ वापरलं.

आता महत्त्वाचं ऐका. १९०४ मध्ये अलिबाग सुरू झालं, पण कुलाबा लगेच बंद केलं नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडच्या नोंदी एकाच वेळी चालू ठेवल्या. का? तर दोन जागांच्या आकड्यांत किती फरक येतो ते समजावं, आणि जुन्या नोंदी नव्या नोंदींना नीट जोडता याव्यात. मुंबईत विजेची ट्राम धावली १९०७ मध्ये. तोपर्यंत काम पूर्ण झालेलं होतं.

याचा उपयोग काय? १८५९ च्या सप्टेंबरमध्ये सूर्यावरून एक प्रचंड वादळ पृथ्वीवर आलं. युरोप-अमेरिकेत तारयंत्रं बंद पडली, काही ठिकाणी तार पाठवणाऱ्यांना विजेचे झटके बसले. ते वादळ केवढं होतं याचा अंदाज २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी नव्याने मांडला, त्यांत आपल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतले लोकही होते. आधार होता कुलाब्याला त्या वेळी माणसांनी डोळ्यांनी बघून, हाताने लिहिलेल्या आकड्यांचा. १४४ वर्षांनी ते आकडे वाचता आले. कारण कागदावर वेळ होती, माप होतं, आणि यंत्र बदललं, जागा बदलली तरी जुनं नव्याला जोडून देणं हे कुणाचं तरी काम होतं.

आमच्या घरी ते कुणाचंच काम नव्हतं. कॅसेट गेली तेव्हा सीडी आली म्हणून खूश झालो. सीडी गेली तेव्हा मोबाइल आला म्हणून खूश झालो. मधली दोन वर्षं, जुनं अजून चालतंय आणि नवं आलंय, तेव्हाच उतरवून घ्यायचं असतं. ती वर्षं आम्ही घालवली. घरात कॉम्प्युटर शिकलेला माणूस होता, मी. म्हणजे ज्या तिघांनी हद्दीबाहेर म्हणून हात झटकले, त्यांच्या आधी चौथा मीच होतो.

आणि मग?

पहिली सीडी मऊ कापडाने पुसली, मधून कडेकडे सरळ रेषेत. गोल गोल पुसू नका. गोल ओरखडा माहितीच्या रेषेवरूनच लांबवर जातो, आणि सीडीला साधारण अडीच मिलिमीटर लांबीपर्यंतचीच चूक स्वतःहून भरून काढता येते. टूथपेस्ट वगैरे लावू नका. मग वाचता न येणारे तुकडे सोडून पुढे जाणारं एक मोफत सॉफ्टवेअर लावलं, वेग सगळ्यात कमी ठेवला, आणि रात्रभर चालू दिलं. मित्राचा जुना ड्राइव्ह आणून पुन्हा तेच केलं. एका ड्राइव्हला न वाचता येणारं दुसऱ्याला कधी कधी वाचता येतं.

ओवी मिळाली. पूर्ण नाही. जातं दिसतं, हात दिसतो, आजीचा आवाज येतो, मग चित्राचे चौकोन होतात आणि शेवटचं कडवं तुटतं.

आईने ते तीनदा ऐकलं. चौथ्या वेळी जिथे तुटतं तिथून पुढे ती स्वतःच म्हणाली. तिला पाठ होतं! मी फोनवर रेकॉर्ड केलं. दोन्ही जोडून एक अखंड ओवी करता आली असती, दोन मिनिटांचं काम. नाही केलं. दोन वेगळ्या फाइली ठेवल्या, नावात लिहिलं, कोण म्हणतंय, कुठे, कोणत्या साली. कुलाबा वेगळं, अलिबाग वेगळं.

तर या आठवड्यात एवढं करा. घरातला तो डबा उघडा. तुमच्या किंवा शेजारच्या घरी अजून एखादा ड्राइव्ह चालत असेल तर आजच उतरवून घ्या, दोन ठिकाणी ठेवा, आणि ठेवल्यावर एकदा लावून बघा. आणि घरात जे माणूस गातं, त्याला सांगा, जरा फोन धरतो, म्हण.

भेटू पुढच्या भागात.