टपालपेटीतला पुरुष

1967 साली अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील एका किराणा दुकानात ॲलिस शेल्डन या विदुषी उभ्या होत्या. मानसशास्त्रातील डॉक्टरेट त्यांना त्याच वर्षी मिळाली होती. विरंगुळा म्हणून लिहिलेल्या विज्ञानकथा मासिकांकडे धाडावयाच्या, पण कोणत्या नावाने? फळीवर ‘टिपट्री’ या विलायती मुरंब्याची बरणी दिसली आणि ‘जेम्स टिपट्री’ जन्मास आला. पतिराजांनी त्याला ‘ज्युनिअर’ हे शेपूट जोडले.

मार्च 1968 मध्ये टिपट्रीची पहिली कथा छापून आली. पुढे त्याचा लौकिक झपाट्याने वाढला. मात्र त्याला प्रत्यक्ष कोणी पाहिले नव्हते. पत्ता टपालकचेरीतील एका पेटीचा होता. त्या पेटीतून अर्सुला ले ग्विन, जोॲना रस अशा नामवंत लेखिकांशी त्याची निकट पत्रमैत्री जुळली. गंमत अशी की, पत्रांतील आत्मवृत्त बहुतांशी खरेच होते. शिकागोतील बालपण, आईवडिलांबरोबरचा आफ्रिकेतील प्रवास, महायुद्धातील लष्करी नोकरी, हे सारे शेल्डनबाईंनी स्वतः अनुभवले होते. त्यांनी पुरुषाचे नाव तेवढे घेतले. पुरुष उभा केला तो वाचकांनी. सैन्य आणि आफ्रिकेतील अरण्ये म्हटल्यावर बाईमाणूस कोणाच्या मनात येणार? मराठी वाचकांना येथे विभावरी शिरूरकर आठवतील. पण त्या टोपणनावाने लेखिकेची ओळख झाकली होती, स्त्रीत्व नव्हे.

1975 साली टिपट्रीच्या कथासंग्रहाला रॉबर्ट सिल्व्हरबर्ग यांनी प्रस्तावना लिहिली. टिपट्री ही स्त्री असावी, ही कुजबुज त्यांनी हास्यास्पद ठरविली. त्या लेखनात त्यांना अस्सल पुरुषी बाणा दिसला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या, स्त्रिया आणि विज्ञानकथा या विषयावरील एका परिसंवादात टिपट्रीची काही मते सहभागी लेखिकांना रुचली नाहीत. पुरुषाला हे काय कळणार, असा तो रोष होता!

1976 मध्ये शेल्डनबाईंच्या मातोश्री निवर्तल्या. त्या नामांकित लेखिका असल्याने वृत्तपत्रांत मृत्युलेख आले, त्यांत एकुलत्या एक कन्येचे नाव आले आणि गुपित फुटले. बाईंनी ले ग्विन यांना आधीच पत्र लिहून सारे सांगितले. उत्तर प्रेमाचे आले. सिल्व्हरबर्ग यांनीही आपली चूक मोकळेपणाने मान्य केली. बाईंना मात्र काहीतरी हरपल्यासारखे झाले. गूढ टिपट्री संपला, उरली ती व्हर्जिनियातील एक म्हातारी, अशी खंत त्यांनी पुढे व्यक्त केली.

संगणकांचे महाजाल सामान्यांच्या घरी पोहोचण्यापूर्वीच, 1973 साली, टिपट्रीने एक विलक्षण कथा लिहिली होती. तीत एक कुरूप, निराधार मुलगी भूमिगत खोलीत बसून यंत्राच्या साहाय्याने दूरवरचा एक सुंदर देह चालविते. जग त्या देहावर भाळते. तिची कोणाला दादही नसते. 1974 चा ह्यूगो पुरस्कार या कथेस लाभला.

1980 नंतरच्या दशकात दूरध्वनीच्या तारांनी जोडलेल्या संगणकांवरून अमेरिकेत अनोळखी माणसे गप्पा मारू लागली. तेथे ‘जोन’ नावाची अपंग स्त्री अनेक बायकांची जिवलग सखी झाली. ती न्यूयॉर्कमधील एक पुरुष मनोविकारतज्ज्ञ आहे, हे उघड झाले तेव्हा त्या बायकांना आपला घात झाल्यासारखे वाटले. जोनचा अपघात खोटा होता, तिचे दुःखही खोटे होते. टिपट्रीचे तसे नव्हते. नाव उघडे पडल्यावरही ले ग्विन यांची पत्रे त्याच जिव्हाळ्याने येत राहिली.