एकटा बांध पुरत नाही

श्रोतेहो, आपल्या पठाराला अवर्षण नवे नाही. १८७६ ते ७८ चा दुष्काळ पाहा, नाहीतर १९७२ चा. पाऊस का पडला नाही, असे सगळेच विचारतात. पण जो पडला तो शेतात का राहिला नाही, हे विचारणारे थोडे.

जोतीराव फुल्यांनी ते विचारले. ‘शेतकऱ्याचा असूड’ हे पुस्तक त्यांनी १८८३ साली लिहून पुरे केले. डोंगरावरचा पालापाचोळा नि गुरांचे शेण पावसाबरोबर खाली येऊन शेते पोसत. जंगलखात्याने रान बंद केले, तेव्हा चराई गेली नि जमिनीचा कसही गेला, अशी त्यांची मांडणी. ताली-बंधारे घालून पाणी मुरवावे, आणि ते काम फौज-पोलिसांकडून करून घ्यावे, असे त्यांनी सरकारला सुचवले. डोंगर, गुरे, पाणी, शेत ही त्यांच्या लेखी एकच साखळी होती.

पुढे १९३३ मध्ये सोलापूरला कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र निघाले. कानिटकर आणि त्यांचे सहकारी यांच्या कामातून ‘मुंबई कोरडवाहू पद्धत’ पुढे आली. उताराला आडवे बांध, शेणखत, वेळच्या वेळी कुळवणी, विरळ पेरणी आणि कोळपणी ही तिची अंगे.

आता ही अंगे सुटी करून पाहा. बांधाने पाणी अडते. पण भुई कसदार नि भुसभुशीत नसेल तर ते मुरायचे कसे? मुरले, तरी दाट पेरलेले पीक ती ओल कणसे भरण्याआधीच पिऊन टाकते. विरळ पेरावे, तर मोकळ्या जागेत तण माजते. म्हणून कोळपे फिरवायचे. त्याने तण जाते, भेगाही बुजतात, ओल टिकते. शेणखताला गुरे हवीत, गुरांना कडबा हवा, नि कडबा येतो त्याच ओलीवरच्या ज्वारीतून. एक दुवा तुटला की सारी साखळी सैल.

१९४२ च्या जमीन सुधारणा कायद्यानंतर सरकारी योजनांतून ठिकठिकाणी बांधबंदिस्ती झाली. पण सरकार बांध घालून देईल; कुळव घरच्यानेच धरायचा असतो. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने १९९० नंतर हेच ओळखले. पाणी अडवलेच, शिवाय चराईबंदी, कुऱ्हाडबंदी नि शेतीसाठी बोअरवेल-बंदी गावाने स्वतःवर घालून घेतली.

गुरुजींना एक विनंती. पावसाळ्यात मुलांना एकदा बांधावर न्या. पाणी कुठून येते, कुठे थांबते, कुठे निसटते, हे त्यांनाच शोधू द्या. हा धडा फळ्यावर शिकवता यायचा नाही.